पुलाखालचं राज्य

दादाने पुस्तक माझ्यापुढे टेबलावर सरळ ठेवलं आणि मला ते वाचता येईना. अक्षरं ओळखीची होती, चित्रं तर तोंडपाठ होती, पण डोळे पानावर ठरत नव्हते. घर आपलंच आहे, सामानही जागच्या जागी आहे, फक्त कुणीतरी दार उचलून दुसऱ्या भिंतीत नेऊन बसवलंय, तसं काहीतरी. दुपारची वेळ होती. बाहेर बाकांवर डोळ्यांत थेंब घातलेले पेशंट माना मागे टाकून बसले होते, नर्स एकेकाला हाक मारत होती, आणि मी, पन्नाशीला टेकलेली डोळ्यांची डॉक्टर, चित्रांच्या पुस्तकापुढे अडाण्यासारखी बसले होते. मग काय वाटलं कोण जाणे, मी पुस्तक गर्रकन फिरवलं. डोकं खाली, पाय वर. आणि सगळं जागेवर आलं. लटकणारी घरं, वर जाणारा पाऊस, शिडी, शिडीवरची ती. समोर बसलेला दादा हसायला लागला. "अजून तशीच वाचतेस, बटण?" तो म्हणाला. बटण मी. घरात सगळ्यात लहान आणि कुठेही हरवणारी, म्हणून. या नावाने हाक मारणारा आता तो एकटाच उरलाय.

आमची लाँड्री होती. अजून आहे, दादा आणि वहिनी चालवतात. तेव्हा बाबा वाफेच्या इस्त्रीवर असायचे आणि आई डागांवर. शाईचा डाग, तेलाचा, गंजाचा, प्रत्येकाशी तिचं वेगळं वैर होतं. शाळेतून आला की दादा काउंटरच्या आत उंच स्टुलावर बसायचा, कपडे घ्यायचा, चिठ्ठी टोचायचा. मी मात्र काउंटरच्या बाहेर. कारण मी एकदा इस्त्रीच्या तापलेल्या पत्र्यावर तळहात टेकवून पाहिला होता. बाबांनी मारलं नाही की ओरडले नाहीत. हात बरा झाल्यावर त्यांनी काउंटरचं फळकूट खाली पाडलं आणि म्हणाले, "आजपासून तू गिऱ्हाइकांच्या बाजूला." बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी साबणाचं खोकं पालथं घालून त्यावर उभी राहायला लागले, तेव्हा कुठे हनुवटी काउंटरच्या वर यायची. समोर दादा, मधे पसरलेलं 'पुलावरचं राज्य'. पुस्तक दादाच्या बाजूने सरळ. तो मोठा, शिवाय गिऱ्हाईक आलं की झटकन ते खाली ओढायला त्याच्या हाताशी हवं. फिरवायचं नाही, हा नियम. मला कधी अन्याय वाटला नाही. मला वाटायचं, पुस्तकं अशीच असतात.

'पुलावरचं राज्य' आधी टीव्हीवर आलं. आठवड्यातून एकदा संध्याकाळी आमचं दुकान अर्धा तास मिटायचं. गिऱ्हाईकसुद्धा कपडे काखेत मारून आमच्याबरोबर मागच्या खोलीत येऊन बसायचं. एका लांबच लांब पुलावर वसलेलं शहर, घरावर घर रचलेलं, मनोरे, घंटा, बाजार. पुलाखाली पाणी नाही, काळोख. तो रात्री वर चढतो, आणि कंदीलवाली रोज संध्याकाळी शिडीने खाली उतरून पुलाच्या खांबांवरचे दिवे लावते, तेवढ्यावर तो थोपतो. इतकीच गोष्ट. टीव्हीवर काळोख दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा, कुणीतरी झोपेत दीर्घ श्वास घेतल्यासारखा. बहुधा त्यांना तो काढता येत नसावा. मग एके आठवड्यात कार्यक्रम आलाच नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. दादाने जेवण सोडलं. आणि काही महिन्यांनी ती पुस्तकं निघाली. टीव्हीवर गोष्ट जिथे तुटली होती तिथून पुढे, रंगीत, आणि पहिल्याच अंकात काळोख काढलेला होता. निळा, काळा, जाड ब्रशने ओढलेला, कडेला जांभळा. दादाने ते पान माझ्यापुढे सरकवलं नाही, पण हात बाजूला घेतला, आणि मी पाहिलं.

मी जे पाहिलं ते त्याने पाहिलं नव्हतं, हे दोघांनाही बरीच वर्षं कळलं नाही. टीव्हीवर मी ते राज्य सरळ पाहिलं होतं, पुलावर उभं असलेलं. पुस्तकात ते पुलाला लटकलेलं होतं. मला वाटलं, हे दुसरं राज्य आहे, पुलाखालचं, ज्याबद्दल टीव्हीवाल्यांना माहीतच नाही. मनोऱ्यांची टोकं खाली, त्यांच्याखाली मोकळं आभाळ. घंटा वरच्या दिशेने लोंबायच्या. कंदीलवालीचे केस वर ओढले जायचे. पाऊस छपरांतून निघून वर जायचा. काळोख तर वरून यायचा, छतासारखा हळूहळू खाली उतरत, आणि ती एवढीशी बाई शिडी चढत त्याच्या तोंडाशी जायची. आपली अक्षरं रेघेला लटकतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. माझी रेघेवर उभी राहायची. वाचायला मी त्या काउंटरवरच शिकले, दादाच्या बोटामागून, आणि शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी पुस्तक हातात दिलं ते मी शांतपणे फिरवून घेतलं. बाईंनी आईला बोलावलं. आईने ऐकून घेतलं आणि घरी येताना म्हणाली, "उलट्या काळजाची माणसं ऐकून होते. ही उलट्या डोळ्यांची निघाली." सरळ वाचायला मी शिकलेच, न शिकून सांगते कुणाला. पण ते वाचन नेहमी थोडं कोरडं राहिलं. एखादं वाक्य फार आवडलं की आजही मी गुपचूप पुस्तक फिरवून पाहते.

पुढे याचा उपयोग झाला, तो असा की कुणाला सांगितलं तर हसतील. डोळ्याच्या आतला पडदा तपासताना डॉक्टर डोक्याला दिवा बांधतात आणि हातात भिंग धरून पेशंटवर वाकतात. भिंगात दिसतं ते सगळं उलटं. वरचं खाली, डावं उजवीकडे. शिकाऊ डॉक्टरांच्या त्यात महिनोन्‌महिने जातात, हात एकीकडे आणि डोळे भलतीकडे. मी पहिल्या दिवशी भिंग धरलं आणि घरी आल्यासारखं वाटलं. केशरी आभाळ, त्यातून फुटत गेलेल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा, मधे फिकट चंद्र, जिथून नस मेंदूकडे जाते. आमचे सर मागे उभे होते. ते म्हणाले, "तू आधी कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "लाँड्रीत." त्यांना वाटलं मी उद्धट आहे. तेही काही खोटं नाही. पण त्या दिवसापासून मी या आभाळाखाली राहते, आणि इतक्या वर्षांत एकदाही मला त्याचा कंटाळा आलेला नाही. बिलांचा येतो, मीटिंगांचा येतो, डोळ्यांत थेंब घालू न देणाऱ्या माणसांचा तर फारच येतो. आभाळाचा येत नाही.

तर दादा हसत होता. दुकानात येणाऱ्या एका बाईंनी त्याला सांगितलं होतं की सगळे अंक एकत्र बांधून पुन्हा छापलेत. त्याने दोन प्रती घेतल्या, एक त्याला, एक मला, आणि माझी कोटाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आला होता. "छपाई काय केलीय बघ," तो म्हणाला. "काळोख असा काढलाय की बोलायची सोय नाही. आपल्या जुन्या अंकांत इतका नव्हता. पानागणिक वर चढतो. मी दोन दिवस वाचतोय, सोडवत नाही." त्याचा चेहरा खरंच उजळला होता, साठी जवळ आलेल्या माणसाचा चेहरा. पुस्तक त्याच्या बाजूने सरळच होतं. मी पान उलटलं. बाजाराचं पान होतं. दिवस, ऊन, पिवळे तंबू, फळांच्या टोपल्या. मी विचारलं, "इथे कुठे आहे काळोख?" "हा काय," दादा म्हणाला, आणि त्याने बोट ठेवलं. बोट पिवळ्या तंबूवर होतं. "इथपर्यंत आलाय. अर्ध्या पानाच्या जरा खाली."

डॉक्टर लोक घाबरत नाहीत असं लोकांना वाटतं. आम्ही फक्त घाबरण्याआधी उठून उभे राहतो. मी त्याला म्हटलं, "दादा, उजवा डोळा मीट." त्याचा डावा लहानपणापासून आळशी आहे. त्या काळी कुणी पट्टी बांधून तो सुधारला नाही आणि तो तसाच राहिला, आकार ओळखण्यापुरता. उजवा मिटल्यावर दादाला पान धुरकट दिसलं, पण काळोख गेला. उजवा उघडला की पुन्हा आला. त्याला काही कळेना. "म्हणजे छपाईत नाही?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती, थोडी निराशा होती, आवडलेलं चित्र कुणी भिंतीवरून काढून घेतल्यासारखी. दुसऱ्या कुणी पहिल्या तासातच डॉक्टर गाठला असता. हा मात्र पुस्तकातून मान वर न काढता दोन दिवस पानं उलटत त्या काळोखाला दाद देत बसला होता, आणि मला त्याचा राग येत होता, आणि मला हेही माहीत होतं की त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

त्याला आडवा केला, दिवा बांधला, भिंग धरलं. माझ्या भावाच्या डोळ्यात मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. भिंगाच्या खालच्या भागात पडदा सुटून फुगला होता, राखाडी, घड्या पडलेला, डोळा हलला की हळूच डुलणारा. भिंगात खाली, म्हणजे खरा वर. पडदा वरून सुटला होता आणि वरून सुटलेल्याची सावली माणसाला खालून चढताना दिसते, कारण डोळ्यात जग उलटंच उमटतं. माझ्या, तुमच्या, प्रत्येकाच्या. हे मी शेकडो पेशंटना कागदावर रेघा मारून समजावलंय. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते समजलं. दादाला काळोख खालून येताना दिसत होता आणि खरा तो वरून उतरत होता. पुलावरचं राज्य आणि पुलाखालचं राज्य एकाच डोळ्यात होती, आणि त्या केशरी आभाळाच्या अर्ध्यावर तो काळोख येऊन टेकला होता. मी भीतीने गार पडले होते आणि तरीही बघत राहिले, कारण ते फार सुंदर होतं. असं म्हणू नये, पण होतं. पडद्याच्या मधोमध एक ठिपका असतो, ज्याने आपण अक्षर वाचतो, चेहरा ओळखतो. सुटलेल्या भागाची कड त्या ठिपक्याला लागली होती. ठिपका गेला की वाचणारा डोळा गेला, आणि दादाकडे दुसरा नव्हता.

पडद्याची ऑपरेशनं आमच्याकडे अजून सरच करतात. त्यांनी त्याच संध्याकाळी ऑपरेशन ठरवलं. दादा म्हणाला, "तूच कर ना." मी म्हटलं, "घरच्यांवर आम्ही हात चालवत नाही." "का? बाबा आपलेच कपडे सगळ्यात आधी इस्त्री करायचे." "आणि सगळ्यात जास्त आपलेच जळायचे," मी म्हटलं, आणि तो हसला. वहिनी दुकान तसंच टाकून आली होती, ओल्या हातांची, पदराला चिठ्ठ्या टोचायच्या टाचण्या. तिने एकच प्रश्न विचारला, "दिसेल ना?" मला रोज हा प्रश्न विचारतात आणि त्यावर माझं ठरलेलं, मोजून मापून दिलेलं उत्तर आहे. ते उत्तर माझ्या तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, "माहीत नाही, वहिनी." तिने मान हलवली आणि दादाच्या शर्टाची गुंडी नीट लावली, उगाचच, कारण तो शर्ट आता काढायचाच होता.

आत नेण्याआधी मी त्याच्याजवळ थोडा वेळ उभी होते. हिरवा गाऊन, डोक्यावर टोपी, उजव्या भुवईवर मार्करने खूण. तो छताकडे बघत म्हणाला, "शेवटचं पान आठवतं?" आठवत होतं. शेवटच्या अंकात काळोख घरांना लागतो आणि कंदीलवाली कंदील हातात घेऊन पुलावरून उडी मारते. अख्खं पान काळं, मधे बोटाएवढी ती. एक अक्षर नाही. त्यानंतर अंक निघाले नाहीत. "मी ते वाचून खूप रडलो होतो," दादा म्हणाला. "स्टुलाखाली बसून. गिऱ्हाईक हाका मारत होतं. मला वाटलं, बुडाली ती. मग तुला विचारलं, तुला वाईट नाही वाटलं? तर तू म्हणालीस, वाईट कशाला? उडाली ना ती." मला हे आठवत नव्हतं. पण मी तसं म्हणाले असणार. माझ्या बाजूने ती वर गेली होती, पाय मागे, केस मागे, कंदील घेऊन थेट आभाळात. "मला वाटलं, ही माझ्यापेक्षा धीट आहे," दादा म्हणाला. "तेव्हापासून मी पण तेच धरून चाललो. बाबा गेले तेव्हासुद्धा." मग म्हणाला, "खरं काय गं? बुडाली का उडाली?" त्याचा हात गार होता. एवढा मोठा माणूस, अख्खं आयुष्य माझ्या खोक्यावरच्या एका वाक्यावर टेकून उभा होता, आणि मला ते आता कळत होतं. मी म्हटलं, "मला काय विचारतोस? मी पुस्तक उलटं धरणारी." तो म्हणाला, "म्हणून तर विचारतोय." तेवढ्यात ढकलगाडी हलली.

ऑपरेशनच्या वेळी सर म्हणाले, "बाहेर बसलीस तरी चालेल." मी आत थांबले. भिंतीवरच्या स्क्रीनवर दादाचा डोळा खोलीएवढा झाला होता. सरांची सुई आत शिरली, सुईच्या टोकाला दिवा, आणि त्या दिव्याभोवती केशरी उजेडाचं वर्तुळ पडदाभर हिंडायला लागलं. जिथे जाईल तेवढंच दिसायचं, बाकी सगळा अंधार. मी हजारदा पाहिलेली गोष्ट. पण त्या दिवशी मी हात जोडल्यासारखे छातीशी धरून उभी होते, हे मला नर्सने नंतर सांगितलं. याच डोळ्याने माझ्याआधी ओळी वाचल्या, हाच डोळा गिऱ्हाइकावर लक्ष ठेवत होता, याच्यात आई आहे, बाबा आहेत, खोक्यावर उभी असलेली मी आहे, उलटी. यातलं तिथे काहीही दिसत नव्हतं. पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी होतं आणि त्यात एक घडी हळूहळू उलगडून सपाट होत होती. सर पुटपुटले, "ये, ये, बस." पडदा खाली बसला. त्यांनी फाटलेल्या कडेभोवती लेझरचे पांढरे ठिपके टाकले आणि डोळ्यात वायू भरला. तो काही दिवस पडदा दाबून धरणार होता. ठिपका वाचला की नाही, हे सरांनाही सांगता येत नव्हतं. "ठिपक्यापाशी कड उचलली होती," ते म्हणाले. "किती वेळ, कोण जाणे. वायू उतरल्यावर कळेल."

वायू वर जातो, म्हणून तोंड खाली ठेवायचं असतं, उठता बसता, झोपताना. दादाने दुकानातल्या इस्त्रीच्या टेबलावर पालथं पडायचं ठरवलं, तोंड कडेच्या बाहेर, कपाळाखाली पट्टा. गिऱ्हाइकं येऊन त्याच्या पाठीशी बोलायची. वहिनी म्हणाली, "लग्न झाल्यापासून मान खाली घालून ऐकणारा नवरा मागत होते. मिळाला एकदाचा." मी रोज दवाखान्यातून तिकडे जायचे, थेंब घालायचे आणि विचारायचे, काय दिसतं? "हात हलवलास तर सावली." दुसऱ्या दिवशी, "सावली." तिसऱ्या दिवशी, "तेच." वायू असताना असंच दिसतं, सगळ्यांनाच. हे मला माहीत होतं आणि त्या माहितीचा मला काडीचा उपयोग होत नव्हता. एकदा वहिनी मोरीत गेली असताना तो जमिनीकडे बघतच म्हणाला, "बटण, नाही दिसलं तर दुकान हिच्याने एकटीने नाही व्हायचं." मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. वाफेचा वास येत होता. मी काउंटरच्या आत उभी होते, आणि मला कुणी बाहेर जा म्हणत नव्हतं.

मग सरांनी त्याला बसायची परवानगी दिली. मी गेले तेव्हा तो खुर्चीत ताठ बसला होता, डाव्या डोळ्यावर तळहात धरून. मला म्हणाला, "समोर बस. हलू नकोस." मी बसले. "एक रेघ आहे," तो म्हणाला. "पाण्यासारखी. मी हललो की डुचमळते. खाली सगळं गढूळ. वर..." वायू विरायला लागला की असंच होतं. बुडबुडा डोळ्यात वरच असतो, पण माणसाला तो खाली दिसतो, आणि रोज थोडा थोडा उतरत जातो. रेघेच्या वर जे दिसेल तेच खरं. दादाने मान किंचित खाली केली, मग वर. "केस दिसतात तुझे. पांढरे झालेत किती. कधी झाले?" "केव्हाच," मी म्हटलं. "कपाळ. मधे आठी आहे, ती आईची. भुवया." तो एकेक उच्चारत चालला होता, मोठ्या सावकाशीने, घाई केली तर उडून जाईल अशा बेताने. दारात वहिनी येऊन उभी होती, तिच्या हातात अर्धी घडी घातलेली चादर होती आणि ती उरलेली अर्धी घालत नव्हती. मी रोज माणसांच्या डोळ्यांत बघते. माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं. "पाणी कुठपर्यंत आहे?" मी विचारलं. "नाकाच्या वर," तो म्हणाला. "थांब. हां, डोळे आले." आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. वहिनी म्हणाली, "अहो, काय दिसतं, सांगा ना." दादा म्हणाला, "ही रडतेय." मी आवाज केला नव्हता, हललेही नव्हते. त्याला दिसलं होतं.